फळ्यासमोर कॅमेरा लावला की झालं?

मंडळी, आजचा विषय जरा भांडणाचा आहे.

'हायब्रिड कोर्स' म्हणजे वर्गातलं लेक्चर कॅमेऱ्यातून घरी बसलेल्यांना दाखवायचं, असा बऱ्याच कॉलेजांचा समज दिसतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते खपून गेलं, कारण तयारीला कुणाकडेच वेळ नव्हता. आता ती सबब चालणार नाही. यूजीसीने मे २०२१ मध्ये ब्लेंडेड लर्निंगचा मसुदा आणला: ४० टक्क्यांपर्यंत ऑनलाइन, बाकी समोरासमोर. पण कुठले ४० टक्के? खरं काम इथेच आहे, आणि नेमकं तेच टाळलं जातं.

चाकण एमआयडीसीत नोकरी करून शिकणारा मुलगा घ्या. या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट, पुढच्या आठवड्यात नाइट. सकाळी दहाचं लाइव्ह लेक्चर त्याच्या काय कामाचं? त्याला हवेत दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, प्रत्येकामागे दोन गणितं, आणि सुट्टीच्या दिवशी प्रॅक्टिकल, जिथे सर अडलेलं सोडवतील. थिअरी रेकॉर्ड करता येते हो, पण लेथवर हात बसायला लेथच लागतो.

यात नवीन काही नाही. एकट्याने शिकणाऱ्यासाठी आधी नीट पुस्तकं तयार करायची, हे नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) इंटरनेटच्या आधीपासून करत आलंय.

राहिले मास्तर. तयारीचे तास वर्कलोडमध्ये धरायचे नाहीत, आणि कोर्स मात्र उत्तम हवा? डिझाइनला वेळ न देता कोड मागणाऱ्या मॅनेजरला आपण काय म्हणतो, ते इथे लिहीत नाही.

असो. तुमच्या कॉलेजात काय चालतं?