खिचडीसाठी येतात? येऊ द्या!

शाळकरी मुलांना मदत देण्याचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते: रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकलेल्या मुलाची. ज्याला शिकायचंय तो कसाही शिकतो, हा तिचा मथितार्थ. मग ओघानं पुढचं येतं. जेवण द्या, सायकल द्या, वसतिगृह द्या, की लोकांना फुकटाची सवय लागते. पोरं खिचडीपुरती येतात आणि ताटली धुऊन घरी पळतात.

या गोष्टीत बहुतेक वेळा बाबासाहेब आंबेडकरांचं नाव गोवलेलं असतं. परळच्या चाळीतली एक खोली, रात्रीचा अभ्यास, हे सगळं खरंच. पण पुढचा भाग सांगणारे गाळतात. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकानं हेरलं होतं. कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकरांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. यानं बाबासाहेबांचं मोठेपण तसूभरही उणं होत नाही. मात्र ज्यांना केळुसकर भेटलेच नाहीत, त्या मुलांनी नुसत्या दिव्याच्या भरवशावर काय करावं, याचं उत्तर ही गोष्ट देत नाही.

‘आमच्या आजोबांना कुणी दिलं होतं?’ असंही ठणकावून विचारलं जातं. आजोबांनाच विचारायला हवं होतं! पुण्यात शिकायला आलेली कितीतरी गरीब ब्राह्मण मुलं वार लावून जेवत. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. कुणी माधुकरी मागे. त्याला कुणी ऐतखाऊपणा म्हटलं नाही, उलट कौतुकानं आत्मचरित्रांत लिहिलं. ती समाजानं चालवलेली मदतयोजनाच होती, फक्त तिचं दार एका जातीपुरतं उघडं होतं.

हे दार रुंद करण्याचं काम कोल्हापुरात झालं. शाहू महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, हे सर्वांना पाठ असतं. तो हुकूम १९१७ चा. मराठा बोर्डिंग उभं राहिलं होतं १९०१ मध्ये, त्यामागून जैन, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं झाली. म्हणजे दंडाच्या कितीतरी आधी राहण्याची सोय. पालकांना जागृतीचे धडे देत फिरणाऱ्या आजच्या मंडळींनी हा क्रम एकदा नीट पाहावा.

साताऱ्यात भाऊराव पाटलांनी तेच पुढे नेलं, आणि ‘फुकटाची सवय’ या आक्षेपाला तर त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवलंय. रयत शिक्षण संस्था १९१९ ची, साताऱ्याचं बोर्डिंग १९२४ चं. तिथली मुलं शेतात राबत, स्वयंपाकाला हात लावत, कमवून शिकत. तरीही बोर्डिंग चालायला लोकांकडून मूठमूठ धान्य यावं लागलं, आणि एका अडचणीच्या वेळी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रही विकावं लागलं. कष्ट आणि मदत ही भांडणारी जोडी नाही, हे त्या एका स्वयंपाकघरात दिसत होतं.

आता आजचं. बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांना नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘कोयता’ म्हणतात. जोडीनं उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते, ती ऊस तोडूनच फेडायची. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम कारखान्याच्या फडावर. बरोबर गेलेली मुलगी तिथं धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, आणि परतते तेव्हा वर्ग पार पुढे गेलेला असतो. यात शिकण्याच्या इच्छेचा प्रश्न आला कुठे? तिला गावात ठेवायचं तर जेवू कोण घालणार, एवढाच हिशेब आईबापासमोर असतो. हंगामी वसतिगृहाची योजना नेमका तोच सोडवते: शाळा व्यवस्थापन समितीनं गावातच दोन वेळचं जेवण रांधायचं, मूल आजी-आजोबांजवळ राहतं आणि शाळेत जातं. आजीला पोर सांभाळता येतं. तिला परवडत नाही ती भाकरी.

‘खिचडीसाठी येतात’ या टोमण्याचंही असंच. पूर्वी बहुतेक राज्यांत मुलामागे महिन्याला तीन किलो धान्य घरी दिलं जाई, आणि ते सगळ्या घरात वाटलं जाई. सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये शिजवलेलं अन्न देण्याचा आदेश दिला. शिजवलेलं जेवण शाळेत हजर असलेल्या मुलाच्याच पोटात जातं. येतात खिचडीसाठी? मग पाढे शिकवायला वर्गात मूल तरी सापडतं.

टीकाकारांचं एक म्हणणं मात्र मान्य करायलाच हवं: योजना कागदावरही चालतात. वसतिगृहाच्या पटावर पन्नास मुलं आणि पंगतीला वीस, असे प्रकार होतात. आणि नावापुरती मदतही असते. महाराष्ट्रात १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया भत्ता ठरला. दशकं गेली, चहाचा कप कुठल्या कुठे गेला, रुपया रुपयाच राहिला. अशा रुपयानं मुलगी शाळेत टिकली नाही, तर दोष मदतीच्या कल्पनेचा की रुपयाचा? उलट बिहारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तपासलं, तेव्हा माध्यमिक शाळेतलं मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आणि मुलगा-मुलगी यांतली दरी ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. फायदा सर्वांत जास्त झाला तो शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. मुलींची अडचण अंतराची होती, सायकलीनं अंतरच कापलं.

खोट्या पटावरचा इलाज योजना बंद करणं हा नव्हे. कोणती मुलं खरंच गावात राहिली आणि कोणती फडावर गेली, हे जिल्ह्याच्या कार्यालयापेक्षा पंगतीला वाढणाऱ्या बाईला अचूक माहीत असतं. तिची मोजणी पटाशी ताडून पाहिली तरी अर्धा घोळ उघडा पडेल. त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. वसतिगृहाची मंजुरी आणि पैसा गाड्या निघून गेल्यावर पोचला, तर चूल पेटते पण पोरं गावात नसतात. तेव्हा दसऱ्याच्या आत धान्य शाळेत उतरलं का, एवढं प्रत्येक गावच्या समितीनं यंदा विचारून ठेवावं. उचल तर हंगामाच्या आधीच वाटली जाते. मुकादमाला हंगाम कधी सुरू होतो हे बरोबर ठाऊक असतं.