गाडी स्वदेशी, दुरुस्ती परागंदा

एप्रिल २०२२ मध्ये परळी वैजनाथच्या रस्त्यांवरून एक आगळी वरात निघाली. पुढे गाढव आणि त्याला दोराने बांधलेली कोरी करकरीत विजेवरची दुचाकी. ओला इलेक्ट्रिकची ही दुचाकी ग्राहकाच्या हाती येऊन जेमतेम आठवडा होतो न होतो तोच बंद पडली. कंपनीचा कारागीर येऊन पाहून गेला. दुरुस्ती मात्र झाली नाही. ग्राहक सेवा केंद्राला वारंवार दूरध्वनी करूनही दाद लागेना, तेव्हा या गृहस्थाने फलकांसह ही धिंड काढली. ज्या परळीच्या औष्णिक केंद्राने १९७१ पासून कित्येक दशके महाराष्ट्राला वीज पुरवली, त्याच परळीत विजेवरची गाडी गाढवाला जुंपण्याची वेळ यावी!

वृत्तवाहिन्यांनी हा प्रकार करमणूक म्हणून दाखवला आणि विषय संपला. वस्तुतः तो तेथून सुरू व्हायला हवा होता. कारण हा एकट्या परळीकराचा दुर्दैवयोग नव्हता. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या एका वर्षात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर याच कंपनीविरुद्ध १०,६४४ तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यांतील ३,३८९ तक्रारी केवळ दुरुस्तीला होणाऱ्या विलंबाच्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला कारणे दाखवा नोटीस बजावली. ९९.१ टक्के तक्रारींचे निवारण झाल्याचे उत्तर कंपनीने दिले. प्राधिकरणाचे त्याने समाधान झाले नाही आणि चौकशीचा आदेश निघाला. त्याआधी महिनाभर, मराठवाड्याच्या सीमेपलीकडे कलबुर्गी येथे, दुरुस्ती होत नाही म्हणून संतापलेल्या एका तरुणाने कंपनीच्या दालनालाच आग लावली. हे कृत्य निषेधार्हच. पण हा तरुण स्वतः व्यवसायाने मेकॅनिक होता, हे विसरून चालणार नाही. इतरांच्या गाड्या दुरुस्त करणारा हात स्वतःच्या गाडीपुढे हतबल झाला होता.

पेट्रोलच्या गाडीचे तसे नव्हते. बीड, माजलगाव, गेवराई, कोणत्याही गावाच्या नाक्यावर एखादा मिस्त्री असतो. तो कार्ब्युरेटर उघडतो, प्लग साफ करतो आणि गाडी मार्गी लावतो. विजेच्या गाडीत दोष बॅटरीत, कंट्रोलरमध्ये किंवा संगणकीय आज्ञावलीत दडलेला असतो आणि आज्ञावलीची किल्ली कंपनीच्या हाती. चारचाकीत तर बॅटरीचा विद्युतदाब शेकडो व्होल्टचा. तिला अप्रशिक्षित माणसाने हात लावणे म्हणजे जिवाशी खेळ. साधी बारा व्होल्टची बॅटरी उतरली तरी लाखो रुपयांची मोटार दारात मुक्याने उभी राहते. म्हणजे कंपनीचे सेवा केंद्र जवळ नसेल, तर टेम्पोत घालून मोठे शहर गाठण्यावाचून तालुक्याच्या ग्राहकाला गत्यंतर नाही. मग विक्रेत्यांची साखळी टाळून थेट इंटरनेटवरून गाड्या विकताना कंपन्यांनी याचा विचार केला नव्हता काय? मागणी नोंदवायला मोबाईल पुरला. दुरुस्तीला मात्र माणूस लागतो.

यावर काही मंडळी लगेच म्हणतील, भारतीय उद्योगाला बोल लावून परकीयांचे फावते. हा युक्तिवाद स्वदेशीच्या मुळावर येणारा आहे. या गाड्यांच्या बॅटरीतील सेल बहुतांशी चीन-कोरियातूनच येतात, हे तूर्त बाजूला ठेवू. स्वदेशी म्हणजे कारखान्याचा पत्ता नव्हे. आपल्या माणसाला फसवणार नाही, ही हमी त्यात गृहीत आहे. परळीच्या भर बाजारात एक गाडी गाढवामागे फिरते, तेव्हा ते पाहणारे शंभर जण स्वदेशी मालाकडे पाठ फिरवतात. हे नुकसान कोणत्याही परदेशी जाहिरातीने झाले नसते.

शिवाय हा व्यवहार निव्वळ खाजगी नाही. 'फेम-२' योजनेत जून २०२१ पासून दोन वर्षे दुचाकीच्या बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागे १५,००० रुपये अनुदान दिले गेले. तो पैसा करदात्याचा. किमान तीन वर्षांची वॉरंटी आणि विक्रीपश्चात सेवेची पुरेशी सोय हवी, अशी अट योजनेतच होती. सुट्या भागांच्या स्वदेशीकरणाची अट मोडली म्हणून २०२३ मध्ये सरकारने काही कंपन्यांकडे अनुदान परत मागितले, हे योग्यच झाले. मग सेवेच्या अटीची तपासणी तेवढ्याच कठोरपणे का होऊ नये? ज्या जिल्ह्यात दुरुस्तीची सोय नाही, तेथील विक्रीवर अनुदान नाही, एवढा साधा नियम केला तरी सेवा केंद्रे आपोआप उभी राहतील. आयटीआयच्या मुलांना त्यात काम मिळेल, हा वेगळा लाभ.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली तेव्हा ग्राहकासाठी स्वतंत्र कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये झाला आणि २०१९ च्या नव्या कायद्याने ग्राहकाचा हात आणखी बळकट केला. आता कंपनी चेन्नईची असो वा बंगळूरूची, तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात दाद मागता येते. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. संघटनेच्या कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीत अशा गाड्या धूळ खात उभ्या आहेत काय ते पाहावे, पावत्या, वॉरंटीपत्रे आणि तक्रार क्रमांक एकत्र करावेत, १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करवावी आणि पाच-दहा ग्राहकांना सोबत घेऊन बीडच्या आयोगाची पायरी चढावी.