घरच्या भाषेचा टीव्ही

पावसाचा अंदाज, बाजारभाव, जनावरांची रोगराई या गोष्टी घरच्या भाषेत कानावर आल्या की नीट समजतात. परक्या भाषेत आल्या तर अर्ध्याअधिक उंबऱ्याबाहेरच राहतात. एवढ्याच मागणीसाठी ब्रिटनमधल्या वेल्स या छोट्या देशातले लोक तुरुंगात जायला तयार झाले होते.

वेल्स हा डोंगर, कुरणे आणि मेंढ्यांचा मुलूख. वस्ती सुमारे ३१ लाख. २०२१ च्या शिरगणतीत वेल्श बोलणारे भरले ५ लाख ३८ हजार, म्हणजे शेकडा १८ सुद्धा नाहीत. बाकी सगळा व्यवहार इंग्रजीचा.

पूर्वी तिथे वेल्श कार्यक्रम इंग्रजी वाहिन्यांतच मधूनमधून घुसवलेले असत. त्यामुळे वेल्श माणसाला ते पुरत नसत आणि नुसती इंग्रजी जाणणारा वैतागून अँटेना इंग्लंडच्या मनोऱ्याकडे फिरवी. दोघेही नाराज. तेव्हा वेल्शसाठी निराळी वाहिनी हवी, अशी मागणी उठली. १९७९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने तसे वचन दिले आणि सत्तेवर येताच ते फिरवले.

मग सुमारे दोन हजार लोकांनी टीव्हीचे लायसन भरणार नाही, असे जाहीर केले. आपल्याकडे पूर्वी रेडिओला लायसन लागे, तसे तिथे टीव्हीला लागते. ग्विन्फर इव्हान्स हे तिथले राष्ट्रवादी पुढारी. पार्लमेंटात निवडून गेलेले, पण काचघरात टोमॅटो पिकवणारे बागाईतदार. १९८० साली वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला. हे हत्यार आपल्याला नवे नाही. उपोषण सुरू होण्याआधीच, सप्टेंबरात, सरकार नमले. १ नोव्हेंबर १९८२ रोजी ‘एस फोर सी’ ही वाहिनी सुरू झाली.

या वाहिनीने शेतकऱ्याला कोपऱ्यात बसवले नाही. डाय जोन्स हे स्वतः शेतकरी. ते वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून माणसांना त्यांच्याच बोलीत बोलते करीत. शेतीचा निराळा कार्यक्रम आहे आणि लानेलवेथच्या मोठ्या शेतकी प्रदर्शनाचे प्रक्षेपणही होते. बी.बी.सी.ने आठवड्याला दहा तासांचे कार्यक्रम या वाहिनीला पुरवावेत, असा कायदाच होता.

पण गोम पुढेच आहे. १९९९ पासून वेल्सला स्वतःची विधानसभा आहे. शेती, शाळा, दवाखाने तिच्याकडे आले. प्रसारण मात्र लंडनच्याच हातात राहिले. २०१० साली लंडन सरकारने वाहिनीच्या पैशाला मोठी कात्री लावली. २०२२ पासून तिचा सारा सरकारी पैसा लायसनच्या रकमेतून येतो, आणि ती रक्कमही लंडनच ठरवते. वाहिनी आपली, पण थैलीची दोरी दुसऱ्याकडे!

आपल्याकडेही आकाशवाणी आणि दूरदर्शन केंद्राच्याच अखत्यारीत येतात. म्हणून या गोष्टीतून घ्यायचे ते असे: ऐकणारे गप्प बसले, तर कुणी ऐकतच नाही असे वरचे धरून चालतात. शेतीचा कार्यक्रम उपयोगी पडला तर तसे कळवा. वेळ गैरसोयीची असेल किंवा आपल्या पिकाचे नावच निघत नसेल, तर तेही कळवा. ग्रामसभेच्या दिवशी चारचौघांनी मिळून रेडिओ केंद्राला एक पत्र धाडायला खर्च असा किती येणार?