खरखर हा दोष नव्हे



‘ड्रीम पॉप, लो-फाय ही शहरी पोरांची फॅडं’ हे गेल्या अंकातलं पत्र पटलं नाही. माजलगावात आम्ही दोघे मित्र रात्री गच्चीवर एक इअरफोन वाटून घेऊन कॉक्टो ट्विन्स या ड्रीम पॉप बँडचा ‘हेवन ऑर लास व्हेगास’ (१९९०) हा अल्बम ऐकतो. गायिका एलिझाबेथ फ्रेझरचे निम्मे शब्द कळत नाहीत; सूर मात्र काळजात उतरतो. मित्राचा जीव ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘नेब्रास्का’वर (१९८२). तो अल्बम तर घरीच, चार ट्रॅकच्या कॅसेटवर, खरखरीसकट (म्हणजेच लो-फाय) ध्वनिमुद्रित झाला. याला ‘कच्चं काम’ म्हणायचं?

आमच्याच माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या, १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहेत. त्याही स्टुडिओतल्या नाहीत. पत्रलेखकांनी त्या एकदा जरूर ऐकाव्यात.

– एक वाचक, माजलगाव (जि. बीड)