माझगावची टेकडी : वर बाग, खाली पाणी

हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड स्थानकाच्या माथ्यावर भंडारवाड्याची टेकडी उभी आहे. तिच्यावरील जोसेफ बाप्टिस्टा उद्यानातून गोदीतील याऱ्या, नांगरलेली जहाजे आणि पलीकडची खाडी एका दृष्टिक्षेपात दिसते. हे स्थान मोक्याचे म्हणूनच कंपनी सरकारने सतराव्या शतकात येथे किल्ला बांधला आणि १६९० च्या सुमारास सिद्दी याकूतखानाने तो जमीनदोस्त केला. पुढे ब्रिटिश अमदानीत येथे जलाशय झाला. आज बागेच्या हिरवळीखाली शहराचे पिण्याचे पाणी साठविले जाते.

ज्यांचे नाव या उद्यानाला दिले आहे, ते काका बाप्टिस्टा माझगावचेच. लोकमान्यांचे ते निकटचे सहकारी. १९१६ मध्ये होमरूल लीगचे अध्यक्ष, १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेतील एक अग्रणी आणि १९२५ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष. कामगारांच्या कैवाऱ्याचे नाव कामगारवस्तीच्या बागेला असावे, हे उचितच होय.

परंतु नाव देऊन कर्तव्य संपत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला ही टेकडी म्हणजे अंगण आहे. वृद्धांचे फिरणे, मुलांचे खेळणे आणि परीक्षार्थींचा अभ्यास यांना चाळीत जागा कोठून मिळणार? मलबार हिलच्या जुन्या जलाशयाची पुनर्बांधणी करण्यासाठी झाडे तोडण्याचा बेत निघाला, तेव्हा २०२३ मध्ये तेथील नागरिकांनी आवाज उठविला आणि तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. त्या वस्तीला वजन आहे, वकील आहेत. माझगावच्या जलाशयाचेही वय झाले आहे. उद्या त्याचे काम निघाले तर येथील भाडेकरूंचे कोण ऐकणार?

जुन्या जलाशयाची दुरुस्ती टाळावी, असे कोणी म्हणणार नाही. पाणी सर्वांनाच हवे. तथापि, जलखाते खालचे पाणी पाहते, उद्यानखाते वरची झाडे पाहते आणि दोहोंच्या मध्ये नागरिक राहून जातो. म्हणून कोणताही आराखडा निविदेपूर्वी, मराठीत, रहिवाशांपुढे ठेवला जावा. काम टप्प्याटप्प्याने व्हावे आणि बागेचा एक भाग सदैव खुला राहावा. आसपासच्या शिक्षकांनीही विद्यार्थ्यांना इतिहासाच्या एखाद्या तासाला येथे आणावे. ज्या टेकडीची ओळखच नाही, तिच्यासाठी उद्या कोण उभा राहील?