सहीच्या आधीचे प्रश्न

पालघर जिल्ह्याला समुद्र आहे, जव्हार आणि मोखाडा तालुक्यांना नाही. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील मुस्लिम घरांत एखादा मामा किंवा चुलता जहाजावर गेलेला असतो. त्यामुळे रजा कधी मिळते, पगार कसा येतो, कागद कोणते लागतात हे पोरांना घरबसल्या कळतं. आपल्या डोंगरावरच्या मुलांना ही माहिती द्यायला कोणी नसतं.

गेल्या सुट्टीत मोखाड्याच्या एका कुटुंबाने मला फॉर्म भरायला बोलावलं. संगणकाचं काम करतो, एवढीच माझी पात्रता. वडील जव्हार-मोखाडा रस्त्यावर जीप चालवतात. मुलगी बारावी विज्ञान, अजून अठरा पूर्ण नाही. तिला नौदलात अग्निवीर व्हायचं होतं. पहिली अडचण आडनावाची निघाली. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधार कार्डावर दुसरं. आईचं नाव तिसऱ्याच कागदावर वेगळं. माणसाला ही सगळी नावं एकाच घरातली वाटतात, पण संगणक अक्षराला अक्षर जुळवतो. दुरुस्ती होईपर्यंत थांबा, असं मी सांगितलं. त्यावर आई म्हणाली, "नाव होईल दुरुस्त. चार वर्षांनी काय, ते सांगा."

संपूर्ण संध्याकाळीत तोच सगळ्यात शहाणा प्रश्न होता. त्याचं उत्तर पालकांना सरळ शब्दांत मिळायला हवं.

अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. भरतीचं वय साडेसतरा ते एकवीस. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये, त्यातले २१,००० हाती येतात आणि ९,००० सेवा निधीत जातात. चौथ्या वर्षी मासिक रक्कम ४०,००० होते. निधीत सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात. सेवाकाळात ४८ लाखांचं विमा संरक्षण असतं. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी नाही. तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम केलं जातं. म्हणजे चारपैकी तिघांनी घरी परतण्याची तयारी ठेवूनच जायचं. नौदलाची पहिली तुकडी २०२२च्या अखेरीस ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथे दाखल झाली. तिची चार वर्षं २०२६च्या अखेरीस भरतात.

योजनेवर टीका करण्यासारखं बरंच आहे, आणि ती करायलाच हवी. पण जीपच्या फेऱ्यांवर चालणाऱ्या घरात एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी हातात येणारे अकरा लाख ही लहान गोष्ट नाही. मोखाड्यातून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात, तिथे तर नाहीच नाही. ही रक्कम लग्नात जाणार, कर्जात जाणार की पदवी-डिप्लोमासाठी राहणार, हे मुलगी जाण्याआधीच घरात बोललं गेलं पाहिजे. पाठिंबा म्हणतात तो तिथून सुरू होतो.

दुसरा प्रश्न वडिलांनी आवाज खाली करून विचारला. चारित्र्य पडताळणीसाठी पोलीस घरी येतील, शेजारी काय म्हणतील? आपल्या घरांतली ही भीती खरी आहे, तिला हसून चालत नाही. पडताळणी प्रत्येक उमेदवाराची होते, धर्म कोणताही असो. वस्तीत हे आधीच चार जणांना सांगून ठेवावं. नमाज-रोज्याची चिंताही असतेच. भारतीय लष्करात पंडित, ग्रंथी आणि पाद्री यांच्यासोबत मौलवींचीही धर्मशिक्षक म्हणून भरती होते. श्रद्धा दाराबाहेर ठेवून या, असं आपली सैन्यदलं सांगत नाहीत.

मग आला मौलाना आणि नेते दोघांचाही आवडता मुद्दा: पोरं फौजेत गेली की आपल्या देशप्रेमावर कोणी बोट ठेवणार नाही. हे मला मान्य नाही. मुलगी नौदलात जाते ती तिला ते काम आवडतं म्हणून, आणि संविधानाने सरकारी नोकरीत समान संधी दिली आहे म्हणून. समाजाच्या निष्ठेचा दाखला आणण्याचं ओझं सतरा वर्षांच्या खांद्यावर का? शिवरायांच्या आरमारातला दौलतखान आपण प्रत्येक भाषणात आणतो. त्याच भाषणानंतर आपल्या मुलीला मात्र "एवढ्या लांब नको" म्हणतो. फेब्रुवारी १९४६मध्ये मुंबईत नौसैनिकांनी निकृष्ट जेवण आणि अपमानाविरुद्ध संप केला. त्यांच्या समितीचे अध्यक्ष एम. एस. खान होते आणि उपाध्यक्ष मदन सिंग. ते दाखले मागायला गेले नव्हते, हक्क मागत होते.

मुलींची खलाशी म्हणून भरती अग्निपथपासूनच सुरू झाली. २८ मार्च २०२३ रोजी चिल्कातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत २७३ मुली होत्या. त्यात आपल्या डोंगरावरची मुलगी दिसायची तर तयारी सतराव्या वर्षी सुरू करून भागत नाही. एसएसआर भरतीला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र लागतं. अकरावीला जवळच्या कॉलेजात जी शाखा आहे ती घेतली, की ही वाट तिथेच बंद होते. धावण्याच्या चाचणीत मुलींना १.६ किलोमीटर आठ मिनिटांत पूर्ण करायचे असतात. अंगात रक्त कमी असलेल्या मुलीला ते जमत नाही. मुलाला दूध आणि मुलीला चहा, हा हिशेब घरातच बदलावा लागेल. भरतीसाठी पैसे मागणारा दलाल दारात आला तर त्याला तिथूनच परत पाठवावं. परीक्षेचं शुल्क काही शे रुपये आहे, त्यापलीकडे कोणालाही काही द्यायचं नसतं.

यातलं काहीही फक्त मुस्लिम घरांचं नाही. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी घरांत कागदांचा घोळ आणि ताटातली कमतरता आपल्याहून जास्त आहे. जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. राजाला वाट दाखवायला माणसं होती. पाड्यावरच्या पोराला आपणच दाखवायची आहे. म्हणून चळवळीच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. जव्हार आणि मोखाड्यात महिन्यातून एक रविवार आठवी-नववीच्या मुलांची कागदपत्रं तपासायला बसा. नाव, जन्मतारीख, आईचं नाव सगळीकडे एकसारखं आहे का, एवढंच पाहा. टेबल सगळ्यांसाठी खुलं ठेवा.

उमेदवार अठरा वर्षांखालील असेल तर भरतीच्या अर्जावर पालकांची सही लागते. मोखाड्याच्या त्या आईने अजून सही केलेली नाही, नावाची दुरुस्ती व्हायची आहे. तोवर मुलगी रोज पहाटे धावते, वडील पहिली फेरी उशिरा सुरू करून तिच्यासोबत रस्त्यावर थांबतात. आईने योजनेची माहिती मराठीत छापून मागितली आहे. वाचून झाल्यावर ती हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. दोन्हीचा मान ठेवू. पण वाचायला तो कागद तिच्या हातात असणं, हे आपलं काम आहे.