हास्यवायूचा हिशेब

अडिपिक आम्ल हे नाव आमच्या बहुतेक वाचकांनी ऐकले नसेल. नायलॉन ६६ ज्या दोन रसायनांच्या संयोगातून घडते त्यांपैकी हे एक. साखरेसारखी दिसणारी ही पांढरी भुकटी पोत्यांत भरून देशोदेशी जाते आणि मोटारीच्या भागांपासून बुटांच्या तळव्यांपर्यंत उपयोगी पडते. बाजारात तिचा जो भाव ठरतो, त्यात तिच्यामुळे होणारी एक मोठी हानी मात्र कोठेच धरलेली नसते.

हे आम्ल नत्राम्लाच्या साहाय्याने तयार होते आणि त्या क्रियेत नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. दंतवैद्य ज्याला हास्यवायू म्हणतात तोच हा. परंतु येथे हसण्यासारखे काही नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता कोंडून धरतो. तो धुराड्यातून मोकळा सोडला तर टनभर आम्लामागे सुमारे ३०० किलो वायू आकाशात जातो, म्हणजे ८० टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइडचा भार. एक टन मालापायी ऐंशी टनांचे ओझे!

उपाय ठाऊक नाही म्हणावे, तर तसेही नाही. १९९१ साली शास्त्रज्ञांनी हा दोष दाखवून दिल्यावर पाश्चात्त्य उत्पादकांनी त्याच दशकात बहुतेक वायू जाळून वा उत्प्रेरकाने नष्ट करण्याची यंत्रे बसविली. पुढे क्योटो कराराखाली कोरिया, ब्राझील व चीन येथील काही जुन्या कारखान्यांना या कामाबद्दल कार्बन-पत मिळू लागली. ती इतकी किफायतशीर ठरली की, मालापेक्षा धुरातच अधिक नफा दिसू लागला. या पतीला २०१३ पासून युरोपने आपल्या बाजारात मज्जाव केला, आणि तो योग्यच होता. पण बक्षीस काढून घेताना सक्ती मात्र कोणी आणली नाही. दरम्यान चीन या आम्लाचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक झाला, आणि तेथील नव्या कारखान्यांना ती पत मुळातच लागू नव्हती. आपला वायू फुकट नष्ट करणाऱ्याने तो फुकट सोडणाऱ्याशी भावात स्पर्धा कशी करावी?

युरोपच्या नव्या कार्बन-सीमाकरात खतांच्या बाबतीत नायट्रस ऑक्साइडही मोजला जातो. अडिपिक आम्ल मात्र त्या यादीत नाही. ही विसंगती आम्हांस अनाकलनीय वाटते.

आणि आपण? आपल्याकडे नायलॉन ६ चेच प्राबल्य असल्याने या प्रश्नाशी आपला संबंध नाही, असे कोणी म्हणेल. परंतु हे आम्ल आपण मुख्यतः परदेशांतूनच आणतो, आणि गिऱ्हाइकाच्या शब्दाला बाजारात वजन असते. आयातदार शुद्धतेचा दाखला आजही मागतोच. त्याच कागदावर टनामागे किती वायू सोडला याचीही नोंद असावी, असा नियम वाणिज्य मंत्रालयाने करावयास हवा. वायू नष्ट करण्याचा खर्च आम्लाच्या किमतीच्या मानाने अल्प आहे. त्यापायी माल किंचित महागला, तर त्याबद्दल आम्ही तक्रार करणार नाही.